अमेरिकेतलं बालसंरक्षण खातं आणि वर्णभेद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सीत राहून मी फोनवरून मराठी आणि हिंदी दुभाषाचं काम करते. दवाखाने, शाळा, कोर्ट आणि अधूनमधून बालसंरक्षण खात्याचे केसवर्कर. मंडळाच्या गणपतीत किंवा कोणाच्या बारशाला ही गोष्ट कळली की लोक हळूच बाजूला घेऊन विचारतात, "इथे मुलं खरंच उचलून नेतात का गं?" आणि त्याच्या पाठोपाठ, "पण ते सगळं काळ्या लोकांचं ना? आपल्याला काय त्याचं?" या दोन प्रश्नांची उत्तरं देता देता बाकीचे प्रश्न साठत गेले. कोणाचंही प्रकरण ओळखू येईल असं इथे काही लिहिलेलं नाही.

हे 'सीपीएस' म्हणजे नक्की कोणतं खातं?

बोलताना सगळे सीपीएस (चाइल्ड प्रोटेक्टिव्ह सर्व्हिसेस) म्हणतात, पण देशभराचं असं एकच खातं नाही. न्यूयॉर्क शहरात त्याला 'एसीएस' म्हणतात, इलिनॉयमध्ये 'डीसीएफएस', न्यू जर्सीत 'डीसीपी अँड पी'. इथली जुनी माणसं अजूनही जुन्या नावाने 'डायफस' म्हणतात. कॅलिफोर्नियात कारभार काउंटीकडे, म्हणजे जिल्ह्याकडे असतो. चौकट आणि बराचसा पैसा केंद्राचा.

काम चालतं असं: कोणीतरी हॉटलाइनला फोन करतं. फोन घेणारा ठरवतो की चौकशी लावायची की नाही. लावली तर केसवर्कर घरी येतो. त्याला धोका वाटला तर मूल घरातून काढून फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे नातेवाइकाकडे किंवा परक्या कुटुंबात ठेवतात आणि प्रकरण फॅमिली कोर्टात जातं. म्हणजे प्रत्येक पायरीवर एक माणूस बसलेला आहे, आणि समोरच्या आईवर विश्वास ठेवायचा की नाही हे तो ठरवतो. वर्णाचा प्रश्न शिरतो तो इथेच.

कृष्णवर्णीय मुलांचं प्रमाण खरोखर जास्त आहे का?

आहे, आणि याबद्दल वाद नाही. वाद आहे तो कारणांबद्दल. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने अंदाज काढला की अमेरिकेतल्या ३७ टक्के मुलांच्या घरी, ती १८ वर्षांची होईपर्यंत, या खात्याची चौकशी एकदा तरी येऊन जाते. आकडा परत वाचा. शंभरातली सदतीस मुलं. कृष्णवर्णीय मुलांत हेच प्रमाण ५३ टक्के, गोऱ्या मुलांत २८ आणि आशियाई मुलांत साधारण १० टक्के निघालं.

फॉस्टर केअरमध्ये २०२३ मध्ये सुमारे ३ लाख ४३ हजार मुलं होती. देशातल्या मुलांत कृष्णवर्णीय १४ टक्के, तर फॉस्टर केअरमध्ये २२-२३ टक्के. २००० साली हाच वाटा ३९ टक्के होता, म्हणजे सुधारणा झाली आहे. नेटिव्ह अमेरिकन, म्हणजे इथल्या मूळच्या आदिवासी मुलांचं चित्र याहून वाईट आहे. लहानपणी कधी ना कधी फॉस्टर केअरमध्ये जाण्याची शक्यता सगळ्यांत जास्त त्यांचीच.

गरिबी जास्त, म्हणून प्रकरणं जास्त. याला वर्णभेद कसं म्हणायचं?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला जातो आणि तो मूर्खपणाचा नाही. अमेरिकेतले अभ्यासकही यावर पंचवीस वर्षं भांडतायत. डोरोथी रॉबर्ट्ससारख्या कायद्याच्या अभ्यासक म्हणतात की ही व्यवस्था मुळात कृष्णवर्णीय कुटुंबांवर पहारा ठेवणारी आहे. एलिझाबेथ बार्थोलेट यांचं म्हणणं उलट: गरिबी, व्यसनं, एकट्या आईवरचा भार यांमुळे त्या मुलांना खरोखरच जास्त धोका असतो, आकडे समान करायच्या नादात आपण त्याच मुलांना वाऱ्यावर सोडू.

गरिबीचा वाटा मोठा आहे हे मी मान्य करते. पण सगळा हिशेब तिच्या नावावर टाकता येत नाही. अर्थशास्त्रज्ञांनी मिशिगनमधली हजारो प्रकरणं घेऊन एक नेमका प्रश्न विचारला: घरी राहिल्यास पुढे हाल होण्याची शक्यता सारखीच असलेली दोन मुलं घेतली, एक गोरं आणि एक कृष्णवर्णीय, तर घराबाहेर कोणाला जास्त वेळा काढलं जातं? कृष्णवर्णीय मुलाला, सुमारे दीडपट. त्यातला दुसरा निष्कर्ष मला जास्त विचार करायला लावतो. हा फरक मुख्यतः खऱ्या धोक्याच्या प्रकरणांत दिसला. म्हणजे ज्या गोऱ्या मुलांना बाहेर काढायला हवं होतं, त्यांच्या आईबापांना संशयाचा फायदा मिळाला आणि मुलं तिथेच राहिली. भेदभावाची झळ गोऱ्या पोरांनाही बसते ती अशी.

'दुर्लक्ष' हा शब्द सारखा ऐकू येतो. मारहाण नसताना मूल नेता येतं?

येतं, आणि बहुतेक प्रकरणं तशीच असतात. खात्याने खरी ठरवलेल्या प्रकरणांत सुमारे तीन चतुर्थांश 'निग्लेक्ट'ची, म्हणजे दुर्लक्षाची असतात. शारीरिक मारहाण सुमारे सहावा हिस्सा, लैंगिक अत्याचार त्याहून कमी. दुर्लक्षात सगळं येतं: नशेत पडलेली आई आणि तीन दिवस उपाशी तान्हं बाळ हेही, आणि रात्रपाळीला गेलेली आई आणि बारा वर्षांच्या ताईच्या भरवशावर सोडलेली भावंडं हेही.

केसवर्कर घरी आला की काय करतो ते मी फोनवरून ऐकते. आधी चपला काढू का म्हणून विचारणा, कधी नाहीच. मग "मुलं कुठे झोपतात ते दाखवा." मग फ्रिज. फ्रिजचं दार उघडतानाचा तो चिकट आवाज फोनमधून स्पष्ट येतो. "यात फार काही दिसत नाही" याचं मी मराठी करते आणि आई सांगते की आज महिन्याची २८ तारीख आहे. यावर केसवर्कर धान्याची पिशवी आणून देतो, की वहीत 'अपुरं अन्न' असं लिहितो, हे त्या दिवशी कोण आलंय त्यावर असतं.

गरिबी आणि दुर्लक्ष एकमेकांत किती गुंतलेत याचा एक पुरावा सांगते. २०१७ मधल्या एका अभ्यासात दिसलं की किमान वेतन ताशी एक डॉलरने वाढलं की दुर्लक्षाच्या तक्रारी साडेनऊ टक्क्यांच्या आसपास घटतात. डॉलरभर पगारवाढीने आया अचानक सुधारल्या असं तर कोणी म्हणणार नाही ना?

हे सगळं सुरू कधी झालं?

एक प्रसंग सांगते, तो फारसा कोणाला माहीत नसतो. १९६० मध्ये लुइझियाना राज्याने ठरवलं की लग्नाशिवाय मूल झालेल्या आईचं घर 'योग्य' नाही, तेव्हा तिचा सरकारी भत्ता बंद. सुमारे २३ हजार मुलांचा भत्ता एका फटक्यात थांबला. त्यातली जवळजवळ सगळी कृष्णवर्णीय. बोभाटा झाला तेव्हा केंद्रातले मंत्री आर्थर फ्लेमिंग यांनी नियम काढला: घर अयोग्य आहे म्हणून नुसता भत्ता तोडता येणार नाही, एकतर ते घर सुधारायला मदत करा, नाहीतर मूल दुसरीकडे ठेवा. दिसायला माणुसकीचा नियम. पण १९६१ मध्ये मूल दुसरीकडे ठेवण्यासाठी केंद्राचा पैसा सुरू झाला आणि घर सुधारण्यापेक्षा तोच रस्ता सोपा पडला. त्याआधी कृष्णवर्णीय मुलांना ही व्यवस्था बहुतांशी दारातच उभं करत नव्हती. आत घेतलं ते असं.

नेटिव्ह अमेरिकन मुलांसाठी वेगळा कायदा का आहे?

कारण त्यांची मुलं काढून घेणं हे काही काळ उघड सरकारी धोरणच होतं. आधी निवासी शाळा: पेनसिल्व्हेनियातली कार्लाइलची शाळा १८७९ ची. केस कापायचे, नाव बदलायचं, मातृभाषा बोलली की शिक्षा. नंतर दत्तक. १९५८ ते १९६७ या काळात सरकार आणि चाइल्ड वेल्फेअर लीग ऑफ अमेरिका यांनी मिळून ३९५ आदिवासी मुलं मुख्यतः गोऱ्या कुटुंबांत दत्तक दिली. २००१ मध्ये त्या संस्थेने त्याबद्दल माफी मागितली. १९७० च्या दशकातल्या पाहण्यांत आढळलं की २५ ते ३५ टक्के आदिवासी मुलं आपल्या कुटुंबाबाहेर वाढतायत.

त्यातून १९७८ चा 'इंडियन चाइल्ड वेल्फेअर ॲक्ट' आला. (इथला 'इंडियन' आपण नव्हे. हे मला दर वेळी सांगावं लागतं.) मूल काढण्याआधी त्याच्या जमातीला कळवायचं, कुटुंब सावरायला नुसते 'वाजवी' नव्हे तर 'सक्रिय' प्रयत्न करायचे आणि ठेवायचंच झालं तर आधी नातेवाईक, मग जमातीतलं घर. गोऱ्या दत्तक पालकांनी आणि टेक्सास राज्याने त्याला आव्हान दिलं. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी कायदा कायम ठेवला. मात्र हा वंशावरून केलेला भेद ठरतो का, या प्रश्नात न्यायालय शिरलंच नाही. ते दार अजून उघडं आहे.

डॉक्टर-शिक्षक तर कायद्यानेच कळवतात. त्यात भेदभाव कसला?

कळवायचं कायद्याने आहे, पण संशय यायचा तो मनात. १९९० मध्ये फ्लोरिडातल्या पिनेलास काउंटीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गरोदर बायकांच्या लघवीच्या तपासणीत नशेचं प्रमाण गोऱ्या बायकांत १५.४ टक्के, कृष्णवर्णीय बायकांत १४.१ टक्के, म्हणजे जवळपास सारखंच. पण बाळंतपणानंतर तक्रार झाली ती कृष्णवर्णीय बायकांची जवळजवळ दहापट. २००२ मध्ये फिलाडेल्फियातल्या मुलांच्या हॉस्पिटलातल्या नोंदी पाहिल्या, तेव्हा हाड मोडून आलेल्या तान्ह्या आणि रांगत्या मुलांत गोरेतर मुलांच्या अंगभर एक्स-रे आणि तक्रारी जास्त आढळल्या, अपघात असल्याचं नंतर तज्ज्ञांनी मान्य केलेल्या मुलांतसुद्धा.

मूल परत मिळायला मुदत असते का?

असते. १९९७ च्या केंद्रीय कायद्यानुसार शेवटच्या २२ महिन्यांतले १५ महिने मूल फॉस्टर केअरमध्ये राहिलं, तर राज्याने आईबापांचा हक्क कायमचा संपवण्यासाठी कोर्टात जायचं. मूल नातेवाइकाकडे असेल तर सूट मिळू शकते. धड घर नाही म्हणून जिचं मूल गेलं, तिचा सरकारी घराच्या प्रतीक्षायादीत मात्र १५ महिन्यांत नंबर लागतोच असं नाही.

नाव आणि वर्ण झाकून निर्णय घेतले तर?

तसं करून पाहिलं आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या नासाउ काउंटीने २०१० च्या सुमारास ही पद्धत सुरू केली: मूल काढायचं की नाही हे ठरवणाऱ्या समितीपुढे कागद जाताना नाव, वर्ण, पत्ता, शाळा, सगळं काढून टाकायचं. काढलेल्या मुलांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण पाच वर्षांत ५५.५ टक्क्यांवरून २०.९ वर आलं असं सांगितलं गेलं. आकडा गाजला, व्याख्यानांतून फिरला आणि २०२० मध्ये राज्याने सगळ्या काउंट्यांना हीच पद्धत वापरायला सांगितलं. मग संशोधकांनी मिशिगनमधल्या केंट काउंटीत तिची नीट तपासणी केली, तर फरक जवळजवळ दिसेना. कारण साधं आहे. तक्रार करणाऱ्याने माणूस पाहिलेला असतो, केसवर्करने घर पाहिलेलं असतं, आणि कागद त्यांनीच लिहिलेला असतो. शेवटच्या खोलीत डोळ्यांवर पट्टी बांधून काय उपयोग?

मग संगणकाला ठरवू द्यावं का?

पिट्सबर्गच्या अ‍ॅलेगेनी काउंटीत २०१६ पासून हॉटलाइनवरच्या तक्रारीला संगणक १ ते २० असा धोक्याचा आकडा देतो. वर्ण त्याला सांगितलेला नसतो. पण सरकारी मदत, तुरुंग, सरकारी मानसोपचार यांच्या नोंदी त्याला दिसतात. खाजगी विमा असणाऱ्यांच्या दारूच्या उपचारांची नोंद काउंटीकडे नसतेच, तर तो बिचारा पाहणार कुठून? संशोधकांनी हिशेब केला, तेव्हा नुसतं संगणकाचं ऐकलं असतं तर तक्रार आलेल्या मुलांपैकी ३२.५ टक्के कृष्णवर्णीय मुलांची सक्तीची चौकशी झाली असती आणि गोऱ्या मुलांची २०.८ टक्के. माणसांनी तो आकडा अनेकदा बाजूला सारला म्हणून तफावत कमी राहिली. ओरेगॉनने असंच साधन वापरायचं २०२२ मध्ये थांबवलं.

मग उपयोगी काय पडतंय?

माझ्या मते कंटाळवाण्या वाटणाऱ्या गोष्टी. न्यूयॉर्कने जानेवारी २०२२ पासून तक्रार खरी ठरवायला लागणाऱ्या पुराव्याची पातळी वाढवली. आधी 'थोडाफार विश्वासार्ह पुरावा' पुरायचा. टेक्साससारख्या राज्याने २०२३ पासून निनावी तक्रारी बंद केल्या आणि केसवर्करने पहिल्याच भेटीत आईबापांना त्यांचे हक्क सांगायचे असा नियम केला. तिथे हे कोणी समतेच्या घोषणा देऊन केलं नाही, घरात सरकार नको म्हणून केलं. पण लाभ झाला तो झालाच. मिनेसोटाने मे २०२४ मध्ये कृष्णवर्णीय आणि प्रमाणाबाहेर भरडल्या जाणाऱ्या कुटुंबांसाठी 'सक्रिय प्रयत्नां'ची अट घालणारा कायदा केला. तो २०२७ पासून राज्यभर लागू व्हायचा आहे. केंद्राने २०२३ मध्ये आजी-मावशीसारख्या नातेवाइकांना फॉस्टर परवान्याचे नियम वेगळे ठेवायची मुभा दिली. आजीच्या घरात खोली चार फूट कमी पडली म्हणून नातू परक्याकडे, असले प्रकार त्याने तरी कमी व्हावेत.

आकडे कमी करण्याच्या नादात मुलं मरतील, त्याचं काय?

ही भीती खरी आहे, आणि जिथे मूल दगावतं तिथे पुढचे काही महिने त्या गावातले केसवर्कर धास्तीने जास्त मुलं काढतात, हेही खरं आहे. पण देशभर वर्षाला चाळीस लाखांहून अधिक तक्रारी येतात. एका केसवर्करच्या हाताखाली रिकाम्या फ्रिजची तीस प्रकरणं असली, तर एकतिसाव्या घरातला खरा मार खाणारा पोरगा त्याला दिसणार कसा?

भारतीय कुटुंबांना यात घाबरण्यासारखं काय आहे?

आशियाई मुलांचं प्रमाण सगळ्यांत कमी आहे, पण त्या आकड्यात न्यू जर्सीतल्या एडिसन गावचा इंजिनियर आणि मोटेलमध्ये साफसफाई करणारी, नवऱ्याने टाकलेली बाई एकाच रकान्यात बसतात. मला फोन येतात ते दुसऱ्या प्रकारच्या घरांतून.

माझाच अनुभव सांगते. मुलगा चार महिन्यांचा असताना डेकेअरमधून फोन आला, ताबडतोब या. गेले तर त्याचा लंगोट सोडवून दोन बायका उभ्या. कंबरेखाली तळहाताएवढा निळसर डाग. "हे कशाने झालं?" आपल्याकडे आजीबाई त्याकडे ढुंकून बघत नाहीत. बाळ जन्मतःच असे डाग घेऊन येतं आणि ते वाढत्या वयात विरतात. आशियाई, आफ्रिकी, लॅटिन बाळांत ते सर्रास असतात, गोऱ्या बाळांत विरळा. न पाहिलेल्या माणसाला ते मारहाणीचे वळ वाटतात. माझ्या डॉक्टरांनी पहिल्याच तपासणीत फायलीत नोंद केली होती, म्हणून एका फॅक्सवर भागलं. बाहेर पडताना त्यातली एक म्हणाली, तुम्ही तशा वाटत नाहीच. मला हायसं वाटलं, आणि गाडीत बसल्यावर लाज वाटली. "तशा" म्हणजे कशा, हे मी तिला विचारलं नाही.

तेव्हा डागांची नोंद करून घ्या, फोटो काढून ठेवा. काजळ आणि सुरमा नको: त्यांत शिसं सापडलंय, आणि बाळाच्या रक्ततपासणीत शिसं निघालं की चौकशा सुरू होतात. शिवाय ते बाळाला खरंच वाईट. मुलांना घरी एकटं ठेवायचं वय बहुतेक राज्यांत कायद्याने ठरलेलं नाही. मेरीलँडमध्ये मात्र आठच्या आतल्या मुलाला एकटं सोडता येत नाही. युटाने २०१८ मध्ये कायदाच केला की मूल एकटं बागेत खेळायला गेलं म्हणजे दुर्लक्ष नव्हे. असा कायदा करावा लागला, यावरून ओळखा.

आपल्या देशात असं कधी झालंय का?

सोलापूरच्या लोकांनी तरी हा प्रश्न विचारू नये. तिथला एक भाग अजून 'सेटलमेंट' नावाने ओळखला जातो, म्हणजे 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना डांबून ठेवायची वसाहत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने, तो पुढे मुंबई इलाख्यातही लागू झाल्यावर, पारधी, कैकाडी, भामटे अशा जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं, आणि १८९७ च्या दुरुस्तीने चार वर्षांपासूनच्या मुलांना आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवायची मुभा दिली. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला. पारध्याचं पोर सिग्नलवर दिसलं की ते चोरलेलं असणार, हा संशय काही त्या दिवशी गेला नाही.

केसवर्कर दारात आला तर काय करायचं?

दार आपटू नका आणि घाबरून सगळं कबूलही करू नका. ओळखपत्र मागा, तक्रार कशाबद्दल आहे ते विचारा. कोर्टाचा आदेश किंवा तातडीचा धोका नसेल, तर तुमच्या संमतीशिवाय त्यांना घरात येता येत नाही. नकार दिल्यास ते कोर्टात जाऊ शकतात, म्हणून नम्रपणे वेळ मागून वकिलाला फोन करणं बरं. वाचल्याशिवाय सही करू नका, विशेषतः 'सेफ्टी प्लॅन'वर, म्हणजे मूल सुरक्षित राहावं म्हणून घरच्यांनी काय करायचं याच्या अटींच्या कागदावर. त्या कागदावर सही करून लोक आपल्याच घरातून बाहेर पडलेले मी ऐकलेत. इथे नात्यातलं कोण आहे त्यांची नावं पहिल्याच दिवशी द्या, म्हणजे वेळ आलीच तर मूल मामाकडे जाईल.

इंग्रजी नीट येत नसेल तर?

दुभाषा मागा. केंद्राचा पैसा घेणाऱ्या खात्याला १९६४ च्या नागरी हक्क कायद्याखाली भाषेची सोय करावी लागते आणि तुम्हाला त्याचे पैसे पडत नाहीत. शाळेतल्या मुलाला मध्ये उभं करून त्याच्याच आईबद्दलचे प्रश्न त्याच्याकडून भाषांतर करून घेऊ देऊ नका. नवऱ्याकडूनही नको, तक्रार त्याच्याबद्दल असेल तर मुळीच नको. आणि मागताना 'मराठी' हा शब्द सुटा, स्पष्ट उच्चारा. नुसतं 'इंडियन' म्हटलंत तर हिंदीचा माणूस जोडून देतात, आणि मग तुमचं "पोराला ओरडले" त्याच्याकडून काय होऊन पुढे जाईल याचा नेम नाही.